बंगल्यात मावेल तेवढीच बहीण

मराठी घरातल्या वेगळ्या वाटांनी गेलेल्या बहिणी आणि त्यांना न्याय देऊ न शकलेला छोटा पडदा

वेसाव्याहून सुटलेली फेरीबोट काही मिनिटांत खाडी ओलांडून मढच्या धक्क्याला लागते. रस्त्यानं यायचं तर मालाड, मार्वे असा मोठा वळसा. सकाळच्या बोटीत मढकडे येणाऱ्यांत हेअरड्रेसर असतात, इस्त्रीचे कपडे हातावर सांभाळणारे ड्रेसदादा असतात, एक-दोन दृश्यांपुरतं काम मिळालेल्या मुली असतात. त्याच धक्क्यावरून मासळीच्या पाट्या घेतलेल्या बाया उलट दिशेला, बाजाराकडे निघतात. मढ, भाटी, एरंगळ ही मूळची कोळी, भंडारी आणि ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. वलांडींवर वाळणारे बोंबील आणि शूटिंगला भाड्यानं दिले जाणारे बंगले इथे एकाच रस्त्यावर दिसतात. हिंदी-मराठी मालिकांमधली कितीतरी ‘घरं’ म्हणजे हे बंगले. मढमधल्या एकाच घरातली एक बहीण पाटी घेऊन निघाली आणि दुसरी मालाडच्या ऑफिसात गेली, तर गावाला त्याचं नवल वाटत नाही. दोघी संध्याकाळी त्याच घरी येतात आणि कोण बरोबर निघाली हे ठरवायला कुणी बसत नाही.

बंगल्याच्या आत मात्र तेच ठरवणं चालू असतं. दोन बहिणी, दोन वाटा आणि शेवटी एकीच्या बाजूनं निकाल. गेल्या चाळीस वर्षांत दूरचित्रवाणीनं बहिणींच्या गोष्टी सतत सांगितल्या. त्या कशा सांगितल्या, कुठे साधलं, कुठे फसलं आणि का फसलं, याचा हा आढावा. मालिका आवडीनं बघणाऱ्या घरात मी वाढले आणि आजही बघते. माझी तक्रार आहे ती आपल्या माणसाकडे करावी तशी.

सुरुवात तिघींपासून

भारतीय दूरचित्रवाणीवरच्या कौटुंबिक मालिकांची सुरुवातच बहिणींपासून झाली. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, ते आजही अनेकांना आठवतं. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी लोकशिक्षणासाठी मालिकांचा वापर केला होता. त्यावरून ही कल्पना आपल्याकडे आली.

या घरात तीन बहिणी होत्या. समाजकार्याकडे वळलेली बडकी, सिनेमात जायचं म्हणून मुंबईची वाट धरणारी मझली आणि डॉक्टर व्हायचं ठरवलेली छुटकी. तिघींना स्वतःची इच्छा होती आणि त्या इच्छेसाठी घराबाहेर पडावं लागत होतं. पण पाहा, शिक्षा कुणाच्या वाट्याला आली? मझलीच्या. मुंबई, सिनेमा आणि महत्त्वाकांक्षा या तिन्हींची किंमत तिनं फसवणुकीत मोजली. सेवा करणारी आणि शिकणारी बहीण चांगली, स्वतःचा चेहरा लोकांना दिसावा असं वाटणारी चुकली, हा धडा तेव्हाच गिरवला गेला.

या मालिकेवर अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी अभ्यास केला. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुलींची आई भागवंती मुकाट सोसणारी होती. तिचं सोसणं बघून लोकांनी विचार करावा, अशी निर्मात्यांची अपेक्षा. पण काही प्रेक्षकांना तीच आदर्श वाटली. म्हणजे सोसणं पडद्यावर दाखवलं की ते आपोआप प्रश्न बनत नाही. त्याच्या शेजारी वेगळी जगणारी बाई तितक्याच आपुलकीनं उभी करावी लागते. पुढच्या मालिका इथेच कमी पडल्या.

निवड म्हणावी तर ते नशीब

खाजगी वाहिन्या आल्या, मालिका रोज संध्याकाळी घरात येऊ लागली. बहिणी वाढल्या, पण त्यांच्यातला फरक त्यांनी स्वतः निवडलेला राहिला नाही. तो रंगावरून, सावत्रपणावरून किंवा स्वभावाच्या जन्मजात खोटेपणावरून ठरू लागला.

२००९ ते २०१४ या काळात झी टीव्हीवर चाललेली ‘पवित्र रिश्ता’ ही हिंदी मालिका, पण घर मराठी. करंजकरांच्या तीन मुली, अर्चना, वैशाली आणि वर्षा. सविता प्रभुणे आई झाल्या होत्या, उषा नाडकर्णी सासू. वैशाली प्रार्थना बेहेरेनं केली, वर्षा प्रिया मराठेनं. मध्यमवर्गीय मराठी घराचा पोत, लग्न जमवण्यातली ओढाताण आणि आईची मुलींवरची सत्ता या मालिकेनं बारकाईनं टिपली होती. पण अर्चना सोसते म्हणून नायिका ठरली आणि वर्षाच्या वाट्याला मूल नसण्याचं दुःख आणि त्यातून आलेला मत्सर आला. त्या दुःखाची चौकशी झाली नाही, त्याचा उपयोग थोरलीच्या संसारावर संकट आणण्यापुरता झाला. प्रिया मराठे २०२५मध्ये अकाली गेली. तिनं त्या भूमिकेत जी कासाविशी आणली होती ती कथेनं तिला दिलेल्या जागेपेक्षा मोठी होती.

स्टार प्रवाहवरची ‘रंग माझा वेगळा’ (२०१९ ते २०२३) मूळ मल्याळम मालिकेवरून आली. सावळी दीपा आणि तिची गोरी सावत्र बहीण श्वेता दोघी एकाच इनामदार घरात सुना होऊन येतात. रंगावरून होणारी मानहानी मराठी घरांत रोज घडते, ती रोजच्या वेळेला घराघरांत बोलली गेली, हे या मालिकेचं ऋण मानलं पाहिजे. पण सावळ्या दीपासाठी रेश्मा शिंदेला गडद मेकअप करावा लागला. सावळी नायिका हवी आणि सावळी अभिनेत्री नको, ही अडचण मालिकेच्या विषयालाच छेद देणारी होती. शिवाय गोरी बहीण दुष्ट केली की रंगाचा प्रश्न स्वभावाचा होतो. समाजाकडे वळायला हवं होतं ते बोट श्वेताकडे वळलं. पुढे दीपाच्या जुळ्या मुलींची ताटातूट झाली, एक वडिलांकडे, एक आईकडे. पुन्हा दोन बहिणी दोन वेगळ्या आयुष्यांत, आणि पुन्हा त्यांतली एकही वाट त्यांनी निवडलेली नाही.

झी टीव्हीची ‘कुमकुम भाग्य’ २०१४मध्ये सुरू झाली. तिचा धागा जेन ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरून घेतलेला. नायिका प्रज्ञाची धाकटी बहीण बुलबुल म्हणजे आपली धुळ्याची मृणाल ठाकूर. कादंबरीत एलिनॉर आणि मेरिअॅन या दोघी बहिणींच्या स्वभावाची कसोटी लागते आणि दोघींनाही काहीतरी उमगतं. मालिका लांबत गेली तशी ती कसोटी मागे पडली.

कोकण आणि लंडन

या विषयाला सगळ्यांत जवळून भिडली ती झी मराठीवर ऑगस्ट २०२३मध्ये सुरू झालेली ‘सारं काही तिच्यासाठी’. दोन बहिणी. उमा कोकणात, रघुनाथ खोतांच्या शिस्तीच्या घरात. संध्या लंडनला. दोघींमध्ये कितीतरी वर्षांचा दुरावा, आणि संध्याची मुलगी ओवी लंडनहून कोकणात येते. खुशबू तावडे उमा झाली होती, शर्मिष्ठा राऊत संध्या. पुढे मातृत्वासाठी खुशबू थांबली तेव्हा पल्लवी वैद्यनं उमा पुढे नेली.

हा विषय आपल्या ओळखीचा आहे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत कितीतरी घरांतली एक मुलगी परदेशी गेली आणि एक गावाकडे राहिली. दोघींनी एकमेकींचं आयुष्य फोनवरून ऐकलं, थोडा हेवा करत, थोडी काळजी करत. एकीला वाटतं, आईवडिलांचं दुखणंखुपणं माझ्या अंगावर पडलं. दुसरीला वाटतं, माझ्या हिवाळ्यातला एकटेपणा इथे कुणालाच कळत नाही. दोन्ही खरं असतं. मालिकेच्या पहिल्या भागांत ही ओढ जाणवत होती. दोन बायका मध्यमवयीन, दोघींना मुली, आणि कथेच्या मध्यभागी नवरा नसून बहीण. हे धाडसच होतं.

पण लंडन आपल्याला किती दिसलं? संध्या तिथे काय काम करत असेल, घराचे हप्ते कसे फेडत असेल, सणाच्या दिवशी तिथल्या स्वयंपाकघरात तिच्या मनात काय येत असेल, यातलं जवळजवळ काही आपल्यासमोर उभं राहिलं नाही. कोकणातलं घर मात्र ओटीपासून माजघरापर्यंत कळलं. मग तोल आपोआप झुकतो. जिचं घर दिसतं तिचं दुःख कळतं. जिचं घर दिसत नाही, तिच्या निवडीचा हट्ट तेवढा उरतो. तरुण मुलींच्या लग्नाचे ट्रॅक सुरू झाले आणि बहिणींची गोष्ट हळूहळू त्यांच्या मागे गेली.

भावाच्या चार बहिणी, आईबापांच्या दोन मुली

जुलै २०२४मध्ये आलेली ‘लाखात एक आमचा दादा’ तमिळ ‘अण्णा’वरून घेतलेली. सूर्या आणि त्याच्या चार बहिणी, तेजू, धनू, राजू आणि भाग्या. भावाबहिणींमधला जिव्हाळा नितीश चव्हाण आणि चौघी मुलींनी मनापासून उभा केला. माझा प्रश्न मालिकेच्या नावापासूनच सुरू होतो. बहिणी चार, पण त्यांची ओळख दादामुळे. कुणाचं लग्न कुठे ठरतंय यावर भावाचा जीव टांगणीला लागतो, आणि बहिणीला काय हवंय हे तिच्याआधी आपल्याला त्याच्या डोळ्यांत वाचायला मिळतं.

‘लक्ष्मी निवास’ डिसेंबर २०२४मध्ये आली, तोही रिमेक, मूळ कन्नड. स्वतःचं घर व्हावं आणि मुली मार्गी लागाव्यात, ही लक्ष्मी आणि श्रीनिवास यांची दोन स्वप्नं. लग्न रखडलेली भावना आणि श्रीमंत जयंतशी लग्न झालेली जान्हवी या त्यांच्या मुली. इथे एक गोष्ट वेगळी घडली. ज्या लग्नाला चाळीतल्या कुठल्याही आईनं ‘पोरीनं नशीब काढलं’ म्हटलं असतं, त्याच लग्नात जान्हवी गुदमरू लागली. जयंतचं प्रेम म्हणजे पाळत आणि कैद आहे, हे प्रेक्षकांना भागागणिक कळत गेलं. मारहाणीशिवायही छळ असतो हे इतक्या मोठ्या प्रेक्षकवर्गापुढे मराठीत क्वचितच मांडलं गेलं होतं. दोन बहिणींपैकी कुणाचं बरं झालं, या प्रश्नाचं तयार उत्तर या मालिकेनं हलवलं. मात्र दोघींचीही वाट लग्नाच्या मांडवातूनच जाते. मुलगी ‘मार्गी लागणं’ म्हणजे तिचं लग्न लागणं, या शब्दाला मालिकेनं हात लावला नाही.

खुशबू उमा साकारत होती त्याच काळात तिची सख्खी बहीण तितीक्षा तावडे झी मराठीवरच ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ची नायिका होती. मृण्मयी देशपांडे ‘कुंकू’मधून घराघरांत पोहोचली, धाकटी गौतमी ‘माझा होशील ना’मधून. मालिका करणाऱ्या या बहिणींना कामापायी सकाळपासून रात्रीपर्यंत घराबाहेर राहावं लागतं. त्या जगाला मालिकेच्या कथेत जागा नाही.

भिंतीचं कारण

असं का होतं? लेखिका-लेखकांना बायकांचं जग कळत नाही, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. मराठी मालिका लिहिणाऱ्यांत बायका खूप आहेत. कारण बऱ्याच अंशी मढसारख्या ठिकाणच्या बंगल्यात आहे.

रोजची मालिका म्हणजे आठवड्याला पाच-सहा भाग, प्रत्येक भाग साधारण २२ मिनिटांचा. बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये तो उरकायचा. बंगला भाड्यानं घेतला की दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना आणि देवघर एवढ्यातच कथा फिरते. रोज ऑफिस, लोकल, वसतिगृह किंवा परदेशातलं घर उभं करणं परवडत नाही. एकदा आउटडोअरला गेलं की अर्धा दिवस जातो. त्यामुळे घरात राहिलेल्या बहिणीला रोज २२ मिनिटं मिळतात आणि बाहेर गेलेलीला दारातून आत यायचं एक दृश्य. ती बॅग घेऊन येते, तिच्या कपड्यांवरून ती ‘बदललेली’ कळते आणि लगेच घराच्या प्रश्नांत ओढली जाते. तिचा पगार, तिची मैत्रीण, तिची भाड्याची खोली, तिचा सोमवार सगळं भिंतीपलीकडे राहतं. भिंतीपलीकडचं माणूस परकं वाटणारच.

दुसरं कारण गुरुवारचं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्कचे आकडे दर गुरुवारी येतात आणि त्यावर पुढचे ट्रॅक हलतात. दोन बहिणींच्या भांडणाचा भाग चालला की भांडण लांबतं. समजुतीनं वागणाऱ्या बहिणींना ‘हुक’ नसतो, असं मानलं जातं. तिसरं कारण रिमेकचं. तमिळ, कन्नड, मल्याळममधून आलेला साचा मराठीत बसवताना आडनावं, सण आणि पदार्थ बदलतात, पण बहिणींमधल्या चढाओढीची चौकट तशीच येते.

ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. मराठी रंगभूमीनं त्यांचं उत्तर फार आधी दिलं आहे.

एक खोली, एक फोन

१९९१मध्ये प्रशांत दळवी यांचं ‘चारचौघी’ चंद्रकांत कुलकर्णी यांनी रंगमंचावर आणलं. एक आई आणि तीन मुली, एक घर. मढच्या बंगल्यापेक्षाही लहान जागा. आई विवाहित पुरुषाबरोबरच्या नात्यातून झालेल्या मुलींना एकटीनं वाढवते. थोरली विद्या नवऱ्याच्या वागण्यानंतर त्याच्यापासून वेगळी होऊ बघते. मधली वैजू कर्तृत्वहीन नवऱ्याबरोबरच्या संसारात अडकली आहे. धाकटी विनी दोन पुरुषांबरोबर एकत्र राहण्याचा विचार मोकळेपणानं मांडते. तिघींच्या वाटा इतक्या वेगळ्या, तरी नाटक कुणा एकीला खरं ठरवत नाही. ते प्रत्येकीला विचारतं, हे तू पेलशील का?

विद्याचा फोनवरचा प्रवेश आठवा. वंदना गुप्ते यांनी तो अजरामर केला, २०२२मध्ये नाटक पुन्हा आलं तेव्हा मुक्ता बर्वेनं तो आपला केला. रंगमंचावर एक बाई आणि हातात फोनचा रिसीव्हर. पलीकडचा माणूस दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही. तरी तिचं सासर, तिचं लेकरू, तिची फसवणूक, तिचा निर्धार सगळं प्रेक्षागृहात उभं राहतं. बाहेरचं आयुष्य दाखवायला बाहेर जावंच लागतं असं नाही, हे या प्रवेशानं सिद्ध केलं. लंडनची संध्याही अशी दिसू शकली असती, एका फोनवर.

१९९५चा ‘दोघी’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा चित्रपट. लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलाचा मृत्यू होतो आणि थोरली गौरी गावाच्या नजरेत अपशकुनी ठरते. घर जगवण्यासाठी तिला मुंबईत देहविक्रयात ढकललं जातं. तिच्या पैशावर घर चालतं, पण धाकट्या कृष्णाच्या लग्नाच्या वेळी ती घरी येते तेव्हा तिला घरात जागा नसते. रेणुका दफ्तरदार, सोनाली कुलकर्णी आणि आईच्या भूमिकेत उत्तरा बावकर. सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. गौरीनं काही निवडलेलं नव्हतं, हे चित्रपट लपवत नाही. निवड कृष्णा करते, ती बहिणीच्या बाजूनं उभी राहण्याची. आई, काका, गाव निवाडा देत असताना धाकटी तो मानायला नकार देते. बहिणींच्या गोष्टीला खलनायिका लागत नाही, याचा याहून चांगला दाखला माझ्याकडे नाही.

आणि ‘अशा गोष्टी चालत नाहीत’ म्हणणाऱ्यांसाठी ३० जून २०२३ला आलेला ‘बाईपण भारी देवा’. केदार शिंदे दिग्दर्शक. सहा बहिणी: जया, शशी, साधना, पल्लवी, केतकी, चारू. एकीचं गाणं सासरच्या धाकात थांबलेलं, एकीचा संसार मोडायला आलेला, एकीच्या अंगावर घरखर्चाचं ओझं. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी त्या एकत्र येतात तेव्हा जुने हिशेब निघतात, भांडणं होतात, पण सहाजणींना आपापलं दुःख सांगायची पाळी मिळते. बायका नऊवारी नेसून, नथ घालून, गटागटानं चित्रपटगृहात गेल्या. चित्रपटानं ७० कोटींहून अधिक कमावले. याच बायका संध्याकाळी मालिका बघतात. सहा बहिणी एकमेकींना समजून घेतात हे बघायला त्या तिकीट काढून आल्या, तर घरी बसून दोन बहिणी त्यांना बघवणार नाहीत का?

त्याआधीच्या पिढीला ही चव पुस्तकानं लावली होती. लुईसा मे अल्कॉटच्या ‘लिटल विमेन’चं शांता शेळके यांनी केलेलं भाषांतर ‘चौघीजणी’ वाचून वाढलेल्या मुली आज आज्या झाल्या आहेत. लग्न करणारी मेग आणि लिहिणारी जो, दोघी बहिणी त्यांना हव्या होत्या. कुठल्या एकीवर फुली मारावी असं त्यांना कधी वाटलं नाही.

दोन्ही मुखवटे

घाटावर आणि मराठवाड्यात भाद्रपदात घरोघरी ज्येष्ठा आणि कनिष्ठा गौरी येतात. दोघी बहिणी, माहेरपणाला आलेल्या. दोघींचे मुखवटे शेजारी मांडतात. दोघींना सारखी साडी, सारखा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी पूजा, तिसऱ्या दिवशी निरोप. थोरली कुठल्या घरून आली आणि धाकटी कुठल्या, हे विचारून पाट मांडायची आपल्याकडे रीत नाही.

मालिका लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं एवढंच आहे. बहिणींच्या निवडीचा निकाल लावू नका, तिचा हिशेब दाखवा. घर सांभाळणारीनं काय सोडलं, त्याच्या बदल्यात तिला काय मिळालं. बाहेर गेलेलीनं काय मिळवलं, त्यासाठी काय हातचं गेलं. पगार किती, झोप किती, आईच्या आजारपणात कोण किती रात्री जागलं, कुणी किती पैसे पाठवले आणि तरी दोघींना का वाटतं की आपणच कमी पडलो. यातला एकही प्रसंग दिवाणखान्याबाहेर घडायची गरज नाही.

रात्री शिफ्ट सुटली की मढच्या बंगल्यातून बाहेर पडलेली हेअरड्रेसर धक्क्याकडे चालत येते. तिच्या कानाला फोन असतो, पलीकडे कुणी घरचं असतं, जेवलीस का विचारणारं. बोट येईपर्यंत बोलणं चालू राहतं. दिवसभर जी दृश्यं तिनं केस विंचरून सजवली, त्यांत हे बोलणं कुठेच नसतं. कॅमेरा तिच्यापासून पाचशे पावलांवर, बंगल्यातच असतो. तो फोन तिथेही वाजू शकेल. उचलायला फक्त दुसऱ्या टोकाची बहीण लिहायला हवी.